पॅनेल कोण उचलणार?

१६५३ सालच्या डिसेंबरात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या चित्रकार संघात एकवीस वर्षांचा एक मुलगा सभासद झाला. प्रवेश फी होती सहा गिल्डर. त्याने दीड गिल्डर टेकवले आणि बाकीचे नंतर देतो म्हणाला असणार. ते 'नंतर' उजाडलं १६५६ च्या जुलैत. मुलाचं नाव योहानेस व्हर्मीर. मान वळवून बघणारी ती मोत्याच्या डुलाची मुलगी ज्याने रंगवली, तोच. कलेचे इतिहासकार या नोंदीत त्याची ओढगस्त वाचतात. मला त्या वहीमागे बसलेला खजिनदार दिसतो. साडेचार गिल्डरसाठी अडीच वर्षं झुरलेला. बाजारात दोघं समोरासमोर आले की बोळ बदलायचा तो खरं म्हणजे व्हर्मीरने. पण मी पैजेवर सांगतो, बोळ खजिनदारच बदलत असणार. आमचाही तेच करायचा.

पुढे याच व्हर्मीरला संघाने दोनदा प्रमुखांमध्ये निवडून दिलं. थकबाकीदाराला पदाधिकारी करण्याची पद्धत सातारा जिल्ह्यात सुरू झालेली नाही, एवढं तरी त्यावरून सिद्ध व्हावं. त्याची आज जेमतेम पस्तीसेक चित्रं शिल्लक आहेत. विद्वान म्हणतात, तो फार सावकाश रंगवायचा. सावकाश वगैरे काही नाही. मीटिंगा.

मी हे अधिकाराने सांगतो, कारण साताऱ्यातल्या एका चित्रकार मंडळाचा मी चिटणीस आहे. निवड माझ्या चित्रांवरून झाली असा कुणाचा गैरसमज नको. घरी प्रिंटर असलेला मी एकटाच होतो. मंडळाचं नाव सांगत नाही, कारण ते अजूनही निम्म्या सभासदांना मान्य नाही. सुरुवातीच्या सगळ्या सभा नावातच गेल्या. महाराष्ट्रात रंग, रेषा आणि कुंचला हे तीन शब्द उलटसुलट करून जेवढी नावं होतात, तेवढी सगळी आधीच कुणी ना कुणी घेतलेली आहेत. शेवटी जे नाव राहिलं ते ठेवलं, आणि लगेच बोधचिन्हाचा विषय निघाला. चित्रकारांच्या मंडळाने बोधचिन्ह ठरवणं ही काय गोष्ट आहे ते लांबून कळायचं नाही. प्रत्येकाने एकेक करून आणलं आणि प्रत्येकाने बाकीच्यांचं सुधारून दिलं. आमच्या लेटरहेडवर आज डावीकडचा कोपरा कोरा आहे. पाहुणे त्याला आधुनिक म्हणतात.

संस्था नोंदवायची तर १८६० सालच्या कायद्याप्रमाणे निदान सात माणसं लागतात. हा आकडा ज्या साहेबाने ठरवला त्याने चित्रकार पाहिलेले नव्हते. सात चित्रकार एका कागदावर सही करतात ते फक्त लग्नाच्या आहेरावर. मुंबईत १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला तेव्हा त्यात सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे होते. मोजून पाहा. सहा. म्हणजे भारतीय आधुनिक चित्रकलेचा एवढा मोठा इतिहास घडला, पण नोंदणीच्या खिडकीवर बाबूने अर्ज परत केला असता. सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले, रझा १९५० मध्ये पॅरिसला, आणि १९५६ मध्ये ग्रुप विसर्जित झाला. आमच्या खजिनदाराला या इतिहासात एकाच गोष्टीचं कौतुक आहे : दोघं परदेशी गेले तरी कुणाला चेंज रिपोर्ट भरावा लागला नाही.

चेंज रिपोर्ट म्हणजे काय, हे ज्यांनी संस्था चालवली नाही त्या सुखी जनांसाठी. पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तसं कळवावं लागतं. ठराव, इतिवृत्त, सभेची नोटीस, हजेरी, जुन्यांची संमती, नव्यांची संमती. या एका तरतुदीमुळे महाराष्ट्रात किती अध्यक्ष आजन्म अध्यक्ष राहिले असतील! लोक त्याला सत्तेचा मोह म्हणतात. निम्म्या ठिकाणी तो झेरॉक्सचा कंटाळा असतो.

सह्यांचा तर वेगळाच ताप. बँकेत नमुना सही द्यावी लागते आणि ती पुढे तशीच करावी लागते, ही कल्पनाच आमच्या अध्यक्षांना कलाविरोधी वाटते. त्यांची सही निसर्गचित्रात गवतात लपते आणि व्यक्तिचित्रात कॉलरवर चढून बसते. पहिल्याच चेकवर ती उजव्या कोपऱ्यात तिरकी उतरली, खाली साल घातलं, आणि सालाखाली एक ठिपका. चेक परत आला. सही जुळत नाही. अध्यक्ष स्वतः बँकेत गेले आणि त्यांनी काउंटरवरच्या पोरीला शांतपणे समजावलं, "अगं, तो नमुना माझ्या आधीच्या काळातला आहे."

मंडळात सगळे एकमेकांना 'सर' म्हणतात. कारण सरळ आहे, निम्म्याहून जास्त जण निवृत्त कलाशिक्षक आहेत, आणि जे नाहीत त्यांना नाव विसरल्यामुळे सर म्हणावं लागतं. पण या सर-सरमध्ये उतरंड आहे. सगळ्यात वर जी.डी. आर्ट पदविकावाले, त्यातही मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे. १८५७ साली ती शाळा जणू यांनीच काढली असा चेहरा असतो. त्यांच्याखाली ए.एम., त्यांच्याखाली ए.टी.डी., आणि तळाशी आमच्यासारखे हौशी. एखाद्याचं चित्र आवडलं की जी.डी. आर्टवाले म्हणतात, "छान आहे. कुठे शिकलात?" हा प्रश्न नाही, हा निकाल आहे.

कलाशिक्षकांनी आयुष्यभर एलिमेंटरी आणि इंटरमीडिएट या चित्रकलेच्या परीक्षांचे पेपर तपासलेले. ती सवय जात नाही. चहा प्यायले की "बी ग्रेड" म्हणतात. दुसऱ्याचं चित्र पाहताना त्यांचा हात आपोआप खिशातल्या पेन्सिलीकडे जातो. एकदा एका सरांनी दुसऱ्या सरांच्या पूर्ण झालेल्या, फ्रेम केलेल्या, काच लावलेल्या चित्रावर बोटाने क्षितिजरेषा सरळ करून दाखवली. काचेवर बोटाचा ठसा उमटला. दोघं अजून बोलत नाहीत. पण मंडळ सोडत नाहीत, कारण मग भांडण कुठे करायचं?

उन्हाळ्यात आम्ही मुलांसाठी विनामूल्य वर्ग घेतो. पहिल्या दिवशी एक सर अर्धा तास बोलतात : मुलांना मोकळं सोडा, त्यांना चुकू द्या, आभाळ निळंच कशाला हवं. पालक माना डोलवतात. मग मागून कुणीतरी आई विचारते, "सर, इंटरमीडिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला सात मार्क मिळतात ना? मग ते आभाळ निळंच काढू दे."

रविवारी लँडस्केपला जायचं, हा मंडळाचा सगळ्यात जिवंत कार्यक्रम. बहुतेक वेळा मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट, आणि देवळापाशी टांगलेली ती वसईची घंटा. चिमाजीअप्पांच्या १७३९ च्या विजयानंतर आलेली, चर्चची. एवढ्या लांबून तेवढं ओझं त्या काळात घाटावर आणलं! तिच्याखाली उभं राहिलं की माझ्या मनात इतिहास वगैरे येत नाही. मनात येतं, उचलणारी माणसं कुठून मिळवली?

कारण आमच्याकडे मिळत नाहीत. सकाळी सहाला स्टँडवर जमायचं ठरतं तेव्हा गाडी कुणी ठरवली, पोहे कुणी सांगितले, पाण्याचा जार कुणी घेतला, याची उत्तरं कुणालाच नको असतात. प्रत्येकाकडे स्वतःचं इझल, स्वतःचा स्टूल, स्वतःची टोपी. घाटावर पोचल्यावर सगळे त्याच चार पायऱ्यांवर बसतात, कारण कोन तिथूनच चांगला आहे. मग दोन तास पूर्ण शांतता. मधूनच कुणीतरी डोळा बारीक करून ब्रश आडवा धरतं. गावातली पोरं मागे उभी राहून बघतात, आणि इतकी स्पष्ट कलासमीक्षा मी कुठल्या पुरवणीत वाचलेली नाही. 'स्वदेस'चं शूटिंग याच घाटावर झालेलं, त्यामुळे या गावाला बाहेरून येऊन गंभीर चेहरा करणाऱ्यांचं अप्रूप नाही. एका पोराने आमच्या सरांना विचारलं, "काका, ही म्हस हाय का दगड?" सरांनी चित्राकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं, आणि चार फटकाऱ्यांत तिचा दगड करून टाकला. चित्र त्यामुळे सुधारलं, हे मला नमूद केलं पाहिजे.

वर्षातून एकदा औंधच्या संग्रहालयात जातो. बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार असलेले राजे, त्यांनी जमवलेला संग्रह १९३८ मध्ये लोकांसाठी उघडला. राजा रविवर्म्यासमोर सगळे सर एकाच वेळी गप्प होतात, हे दृश्य पाहण्यासाठी तरी एकदा यावं. परतीच्या गाडीत दरवेळी किर्लोस्करांचा विषय निघतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर जे.जे.मध्ये चित्रकला शिकायला गेले होते, पण काही रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं, म्हणून चित्रकला सुटली. पुढे त्यांनी नांगर काढला, आणि औंध संस्थानातल्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आमचे खजिनदार खिडकीतून बाहेर बघत म्हणतात, "आपल्या सगळ्यांना रंग स्वच्छ दिसतात. तीच अडचण झाली."

आता प्रदर्शन. इथे मी जरा थांबणार आहे, कारण मंडळ म्हणजे काय ते प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कळतं. आमच्याकडे लाकडी चौकटीवर पांढरं कापड ताणलेली पॅनेलं आहेत, लोखंडी स्टँडसकट. एका सभासदाच्या गॅरेजमध्ये असतात. त्याची गाडी त्यामुळे अनेक वर्षं पावसात उभी आहे. ही पॅनेलं गॅरेजमधून टेम्पोत, टेम्पोतून हॉलमध्ये आणि हॉलमध्ये जिना चढून वर न्यायची. सूचना देणारे भरपूर असतात. प्रकाश कुठून यावा, यावर तर एकेकाचा ग्रंथ होईल. पण पॅनेलच्या दिवशी आमच्या मंडळात मणक्याची साथ येते. एरवी सज्जनगडावर पायी जाणारी माणसं कमरेला पट्टा बांधून येतात आणि खुर्चीत बसून "थोडं डावीकडे" म्हणतात.

ही साथ हटली ती एका पेंटरमुळे. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, ट्रकच्या मागची अक्षरं, हे त्यांचं काम. फ्लेक्स आला आणि ते काम बसलं. त्यांनी सभासदत्वाचा अर्ज दिला तेव्हा कार्यकारिणीत एक चमत्कारिक शांतता पसरली. कुणी तसं म्हणेना, पण 'पेंटर' आणि 'चित्रकार' यांच्यात जो फरक सगळ्यांच्या मनात होता तो टेबलावर येऊन बसला. एक सर म्हणाले, घटनेतल्या उद्देशांत 'ललित कला' असं लिहिलंय. दुसरे म्हणाले, मग त्यांना सहयोगी सभासद करू. तेव्हा आमच्या सर्वांत वयस्कर बाई बोलल्या, ज्या वर्षातून एकदाच बोलतात. "हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. आणि कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींनी तर आडनावच पेंटर लावलं. त्यांना सहयोगी केलं असतंत का?" ठराव मंजूर झाला. विरोध करणारे दोघंही इतिवृत्तात अनुमोदक म्हणून आहेत. ते मीच लिहिलं.

पेंटर आले ते स्वतःची शिडी, दोन पुतणे आणि सुंभाचा गुंडाळा घेऊन. तासाभरात पॅनेलं उभी. सुतळी न लावता नुसत्या नजरेने त्यांनी सगळ्या फ्रेमांच्या वरच्या कडा एका रेषेत आणल्या. जी.डी. आर्टवाले पट्टी घेऊन मागून मोजत गेले आणि पट्टी खिशात घालून परत आले.

पॅनेलं लागली की जागांचं राजकारण. दारासमोरची जागा उत्तम, पंख्याखालची वाईट, कारण जलरंग फडफडतात. चहाच्या टेबलाजवळची जागा वरकरणी कमी दर्जाची, पण लोक तिथेच सगळ्यात जास्त वेळ उभे राहतात, हे जाणत्यांना ठाऊक असतं. आमच्यात एक अमूर्तवाले आहेत. त्यांचं म्हणणं, दोन चित्रांमध्ये चार फूट मोकळी जागा हवी, चित्राला श्वास घेऊ द्या. वास्तववाद्यांना ही उघड जमीनबळकाव वाटते. चिठ्ठ्या टाकल्या, तर अमूर्तवाल्यांना कोपरा आला. त्यांनी एकच चित्र लावलं आणि उरलेली सगळी जागा श्वासाला ठेवली.

विक्रीबद्दल फार बोलण्यासारखं नाही, कारण फार होत नाही. जी होते ती डॉक्टरांना. फ्लॉरेन्समध्ये मध्ययुगात चित्रकारांचा वेगळा संघच नव्हता. ते वैद्य आणि औषधविक्यांच्या संघात मोडत, कारण रंगाच्या पुड्या औषधांच्या दुकानात मिळायच्या. आमच्याकडे नातं तेच आहे, फक्त पुड्यांऐवजी नवीन हॉस्पिटल. डॉक्टर सहकुटुंब येतात, मोबाइलमध्ये भिंतीची मापं असतात. "तीन बाय दोनची सहा लागतील. हिरवट चालतील. पाणी असलं तरी चालेल, पण बुडणारं नको, पेशंट बघतात." मेणवलीचा घाट साताऱ्यातल्या किती प्रतीक्षा-कक्षांत वाहतो आहे, हे शहरातल्या कुठल्याही रुग्णाला विचारा. दगडासकट.

एवढं सगळं असून मंडळं टिकतात कशी, असं मला कुणी विचारलं तर मी बॉम्बे आर्ट सोसायटीकडे बोट दाखवतो. १८८८ ची संस्था. तिचं सुवर्णपदक १९३७ मध्ये अमृता शेरगिलला मिळालं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या वर्षी प्रवेशिका कुणी मोजल्या, फ्रेमांमागे चिठ्ठ्या कुणी चिकटवल्या, कुणाची काच फुटली म्हणून कुणी ऐकून घेतलं? दीडशेच्या जवळ आलेली संस्था म्हणजे तेवढी वर्षं कुणीतरी न चुकता पावत्या फाडतंय. त्यांचं एकत्र प्रदर्शन भरवलं पाहिजे. पावत्यांचं नव्हे, माणसांचं. अर्थात पॅनेलं परत आम्हीच उचलायची.

गेल्या वार्षिक सभेत खजिनदारांनी राजीनामा दिला. बोळ बदलून बदलून त्यांना गावाबाहेरून घरी जावं लागत होतं. नवीन खजिनदार निवडायची आमची पद्धत साधी आहे : जो गैरहजर त्याची एकमताने निवड. पेंटर त्या दिवशी पाटणला एका शाळेची भिंत रंगवत होते. फोनवर कळवलं तर म्हणाले, "बरं. यादी पाठवा."

यादी पाठवली. थकबाकीदारांची यादी आमच्याकडे सभासदांच्या यादीहून फारशी वेगळी नाही. पेंटरांनी कुणाला फोन केला नाही, कुणाच्या घरी गेले नाहीत. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला हॉलमध्ये शिरलो तर दारासमोर, सगळ्यात चांगल्या जागेवर, चार बाय सहाचा फळा. गडद निळ्या जमिनीवर पिवळी देवनागरी अक्षरं, प्रत्येक अक्षराला लाल सावली, शिरोरेषा अशी की डोळा घसरावा. वर कमानीत 'वर्गणी बाकी', खाली नावं, पुढे रकमा. कोपऱ्यात वेलबुट्टी.

मी घाबरलो. आता राजीनाम्यांचा ढीग पडणार, चेंज रिपोर्ट, नव्वद दिवस. पण सर मंडळी एकेक करून फळ्यासमोर आली आणि मागे सरकून, डोळे बारीक करून पाहू लागली. वर्गणीबद्दल चकार शब्द नाही. एका सरांनी त्यांच्या नावातला 'क्ष' जरा आखूड झाल्याची तक्रार केली. दुसऱ्यांनी त्यांच्या आडनावातली वेलांटी सगळ्यांना बोलावून दाखवली. प्रेक्षकांची गर्दी दिवसभर तिथेच. एका डॉक्टरांनी किंमत विचारली, त्यांना ओ.पी.डी.साठी अशीच एक करून हवी होती, फक्त मजकूर तोच ठेवून नावं त्यांची.

संध्याकाळपर्यंत बरीचशी वर्गणी जमा झाली. पैसे आले तसे पेंटर ब्रश काढून ते ते नाव निळ्याने झाकत गेले. अमूर्तवाल्यांना फळा आता जास्त आवडू लागला होता. एकच नाव उरलं, वेलांटीवाल्या सरांचं. मी पावतीपुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेलो, तर पाकिटावर हात ठेवून ते म्हणाले, "प्रदर्शन संपेपर्यंत थांबा की. आत्ता भरले तर पुसतील ना ते."